हिरव्या वेलीचे माप

कोष्टक वाचायला दोन बोटे लागतात. डाव्या हाताचे बोट आडव्या ओळीवरून सरकवत न्यायचे, उजव्या हाताचे उभ्या रकान्यातून खाली आणायचे, आणि दोन्ही जिथे भेटतील तिथला आकडा वाचायचा. सांगायला एवढेच आहे. शिकवायला मला पहिल्या वर्षी पावसाळ्यापासून संक्रांत उजाडली. एक बोट मुक्कामाला पोहोचले की त्या आनंदात मुले दुसऱ्याला विसरत. मग सोमाच्या घराच्या ओळीत तुकाच्या घराच्या म्हशी सापडत आणि वर्गात भांडण लागे.

पुढे मी शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात वर्तमानपत्राच्या कचेरीत आलो. बाजारभाव, पाऊस, परीक्षांचे निकाल अशी कोष्टके रोज माझ्या टेबलावरून छापखान्यात जातात. वाचक ती वाचतात की नाही हे कळायला मार्ग नाही. एक तक्ता मात्र असा होता की तो वाचण्यासाठी माणसे भिंतीपुढे ताटकळत उभी राहत. तो छापलेला नव्हता. त्याच्याविषयी लिहितो.

मोठी लढाई संपून थोडी वर्षे झाली होती. सुप्याच्या जंगलात, नंदिगड्ड्यावरून अणशीच्या रानाकडे जाणाऱ्या पायवाटेला लागून एक कुणब्यांची वाडी होती. शाळा एकशिक्षकी. गवताचे छप्पर, मातीच्या भिंती, एक फळा. घरे विखुरलेली, मधे भाताची खाचरे, वर डोंगर. डोंगरावर रान तोडून, जाळून नाचणी पेरत. त्या शेतीला कुमरी म्हणतात. सरकारी परवानगी मिळेल त्या वर्षी कुमरी होई, न मिळेल त्या वर्षी घरातली काही माणसे घाट उतरून गोव्याच्या बाजूला कामाला जात.

वाडीच्या प्रमुखाला बुदवंत म्हणत. देवाचे मानपान, तंटेबखेडे, सोयरिकी सगळे त्याच्याकडे. आमचा बुदवंत साठीच्या पुढचा, वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा होता. शाळेत मुलगी पाठवायला कोणी तयार नव्हते तेव्हा त्याने आपली नात साळू आणून बसवली. तिच्या पाठोपाठ देवकी आली, आणखी दोघी आल्या. मुले त्याला आज्जा म्हणत. साळूचा तो खराच आज्जा.

आलेख शिकवावा ही कल्पना माझी होती. धारवाडला ट्रेनिंग घेताना मी तो शिकलो होतो आणि माझा त्यावर जीव होता. पहिले कोष्टक घरांचे आणि जनावरांचे केले. त्यात बाबू नावाच्या मुलाच्या घरापुढे म्हशींच्या रकान्यात मी शून्य घातले. बाबू उठून उभा राहिला.

"शून्य कसं लिवता, मास्तर? आमची रेडी गाभण हाय."

"रेडी म्हणजे म्हैस नव्हे."

"शिमग्यापत्तोर व्हईल की."

"मग शिमग्याला लिवू," देवकी म्हणाली. "आत्ता रिकामं ठेव."

त्यावरून मला अर्धा दिवस शिकवावे लागले की शून्य आणि रिकामे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे पाहिले आणि नाही असे आढळले. रिकामे म्हणजे अजून ठाऊक नाही. हा धडा मुलांना इतका आवडला की ती घरीही वापरू लागली. डाळीच्या मडक्यात शून्य आहे की रिकामे, असे एकीने आईला विचारले आणि मार खाल्ला.

दुसरा तक्ता पावसाचा. जंगलखात्याच्या बंगल्यावर पाऊस मोजायचे भांडे होते, तिथला शिपाई आकडे तोंडी सांगे. प्रत्येक महिन्याच्या पावसाएवढी एक उभी पट्टी काढा, असे मी सांगितले. सगळ्या वर्गाने पट्ट्या वरच्या रेघेपासून खाली लोंबत्या काढल्या. आषाढाची पट्टी जवळजवळ जमिनीला टेकलेली, चैत्राची वळचणीच्या थेंबाएवढी. पाऊस वरून येतो, तेव्हा पट्टीही वरूनच येणार. वाचायला काही अडचण नव्हती, म्हणून मी ते तसेच ठेवले. तपासणीला आलेले डेप्युटी साहेब त्या तक्त्यापुढे थांबले, हसले, आणि 'आलेख उलटा, सुलटा करावा' असा शेरा लिहून गेले. मी सुलटा केला. मुले त्याला 'साहेबाचा पाऊस' म्हणत आणि आपला पाऊस पाटीच्या मागच्या बाजूला ठेवत.

पण पाऊस आणि म्हशी यांत मुलांचे मन रमून रमून किती रमणार? मी ठरवले की मुलांची उंचीच मोजावी. शाळेची आतली लांब भिंत तांबड्या मातीने सारवून घ्यायची, प्रत्येकाला भिंतीचा एक तुकडा द्यायचा, आणि त्याच्या खऱ्या उंचीएवढी पांढरी उभी रेघ तांदळाच्या पिठाने ओढायची. नागपंचमी, दिवाळी आणि शिमगा या तीन वेळी शेजारी शेजारी रेघा वाढत जातील आणि त्यांच्या शेंड्यांची पायरी दिसेल. प्रमाण नको, आकडेमोड नको. मूल उभे राहील तेवढी रेघ.

मी इंचाच्या खुणा केलेली सागवानी काठी बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवशी बाबूची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या पोराला ती काठी लावू नका, मास्तर. माप मेल्याचं घेत्यात."

खरेच होते. त्या वाडीत माणूस गेले की वाळक्या काठीने त्याची लांबी घेत आणि तेवढा खड्डा काढत. जिवंत माणसाला कोणी काठी लावत नसे. मी समजावून पाहिले, तिने ऐकून घेतले आणि पोराला घेऊन गेली. तिच्यामागून आणखी चारजणी आल्या. शेवटी गोष्ट बुदवंताकडे गेली. तो शाळेत आला, माझी काठी हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

"वाळली काठी मेल्याची. जित्याला हिरवी लावा."

"हिरव्या काठीवर इंच नसतात, बुदवंत."

"मग तुमची काठी मागनं त्या हिरव्या काठीला लावा. पोराला न्हाई."

शास्त्राला आणि वाडीला दोघांनाही चालेल असा तो निवाडा होता. त्या दिवसापासून दर मापाला सकाळी बेटातून ओला बांबू तोडून आणायचा, मुलाच्या टाचेपासून डोक्यापर्यंत त्यावर खूण करायची, आणि मग तो भिंतीला लावायचा, हा क्रम ठरला. पहिल्या मापाला बाबूची आई स्वतः पाहायला आली. "एवढाच व्हय रं तू?" असे पोराला म्हणाली आणि समाधानाने गेली.

पायऱ्या चढू लागल्या. एका सणापासून दुसऱ्या सणापर्यंत मूल साधारण बोटभर, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढे, वाढे. पायरी सपाट दिसली की एकच प्रश्न विचारायचा, असा मी नियम केला: काय झालं? बाबूची पायरी पंचमी ते दिवाळी सपाट राहिली. काय झालं? तो सगळा काळ हिवतापाने अंथरुणाला खिळला होता. हे सगळ्यांना माहीत होते; पण ताप गेल्यावरही तो भिंतीवर दिसतो, हे मुलांनी पहिल्यांदाच पाहिले. देवकी कितीतरी वेळ त्या दोन सारख्या रेघांवरून बोट फिरवत होती.

पुढच्या वर्षी कुमरीला परवानगी मिळाली नाही. शिमग्याचे माप झाले आणि साळूचा बाप बायकापोरांना घेऊन घाट उतरून गेला. खाली कोणाच्या तरी नारळीच्या बागेत त्याला काम मिळाले होते. बुदवंताला वाडी सोडता येत नव्हती. देव त्याच्याकडे होते. तो घरात एकटा राहिला.

पंचमीला आम्ही मापे घेतली. साळूच्या जागी भिंत तांबडीच राहिली. संध्याकाळी बुदवंत आला, नेहमीप्रमाणे भिंतीवरचे एकेक मूल पाहत सरकला आणि नातीच्या तुकड्यापाशी थांबला.

"साळू केवढी झाली?"

 मग बाबू म्हणाला, "तिथं रिकामं हाय, आज्जा. रिकामं म्हंजे ठाऊक न्हाई."

माझे शिकवणे बरोबर होते आणि बाबूचे उत्तरही बरोबर होते. म्हातारा मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी देवकीने विषय काढला.

"ती तिकडं वाढतच असंल की, मास्तर."

"असेल. आपण मोजलेली नाही."

"सगळी बोटभर वाढली. ती तेवढी वाढायची ऱ्हाईल व्हय?"

माझ्याकडे एक मार्ग होता आणि तो आलेखाच्या शास्त्रातलाच होता. मोजलेली ती अखंड रेघ, अंदाजाची ती टिंबांची. मुलांनी साळूच्या जागी टिंबाटिंबांची रेघ काढली, शेवटच्या पांढऱ्या रेघेपेक्षा बोटभर उंच. दिवाळीला आणखी एक, आणखी बोटभर उंच. बुदवंत मग येता-जाता शाळेत डोकावू लागला. टिंबांच्या वरच्या टोकावर तळवा आडवा धरून उभा राही, पोराच्या डोक्यावर हात ठेवावा तसा. हा अंदाज आहे, असे मी त्याला दोनदा सांगितले. "व्हय, व्हय," तो म्हणाला आणि हात काढला नाही.

घाटाखालून मीठ आणि सुकी मासळी डोक्यावरून आणणारा पांडू नावाचा एक ओझेवाला होता. दिवाळीनंतर वाट उघडली की त्याच्या फेऱ्या सुरू होत. बुदवंताने त्याला साळूचे माप आणायला सांगितले. एवढा लांब बांबू ओझ्यावर येणार नाही, म्हणून तिथेच हिरवी वेल तोडायची, तिचे एक टोक पोरीच्या टाचेखाली दाबायचे, डोक्याबरोबर गाठ मारायची आणि ती गुंडाळून आणायची.

माघात पांडू आला. वेल वाळून तपकिरी झाली होती. बुदवंताने ती स्वतः भिंतीला लावली, खालचे टोक देवकीने जमिनीला धरले. गाठ टिंबांपर्यंत तर गेली नाहीच. साळू गेली त्या शिमग्याच्या पांढऱ्या रेघेच्याही ती खाली राहिली.

"उलटी वाढली व्हय?" मागून एक लहान मूल म्हणाले. 

मी पांडूला विचारले. पुढे बातमीदारांना मी जे प्रश्न विचारत आलो तेच ते होते.

"टेकूनच उभी होती ना? टाचा जमिनीला?"

"टेकलेल्या. मीच वेल दाबली की तिच्या टाचंखाली."

"गाठ डोक्याबरोबर मारलीस?"

"डोक्याबरोबर."

"चुळबुळ करत असेल," देवकी म्हणाली. "ती कधी गप उभी ऱ्हाती?"

"न्हाई बा. गप उभी होती," पांडू म्हणाला. "हलली बी न्हाई."

देवकी पुन्हा त्या गाठीकडे पाहू लागली.

"कशी हाय?" बुदवंताने विचारले.

"बरी हाय म्हणून सांग, म्हनला तिचा बापूस."

पांडू ओझे उचलून गेला. बाबू वेल हातात घेऊन चाचपत होता. एकदम म्हणाला, "वाळली की ही! वाळून आखडली असंल, मास्तर. साळू कुठली आखडती?"

वर्गाला हायसे वाटले, आणि मलाही. पण आखडली तर किती, हे पाहायला हवे होते. त्याच जातीची हिरवी वेल रानातून आणली, साळूच्या शेवटच्या पांढऱ्या रेघेएवढी तोडली, गुंडाळली, आणि पांडूच्या टोपलीत राहिली असती तशी एका टोपलीत ठेवली. पांडूला वाटेत जेवढे दिवस लागले तेवढे थांबायचे. रोज सकाळी मुले ती उलगडून भिंतीला लावत आणि वर एक बारीक टिंब देत. शाळा भरायच्या आधीच बुदवंत ओट्यावर येऊन बसलेला असे. वेल बाहेर निघाली की तो पुढे वाकून पाही. एकदा त्याला वेलीशीच बोलताना मी ऐकले. "आखड, बाये," तो म्हणत होता. "आणखी आखड."

वेल आखडली. पहिल्या दिवसांत बरी आखडली, मग थांबली. अर्ध्या बोटापेक्षा जास्त काही केल्या जाईना. मुदत संपली तेव्हा मी तेवढे अंतर पांडूच्या वेलीच्या गाठीवर चढवून खूण केली. खूण बरोबर शेवटच्या पांढऱ्या रेघेच्या टोकाशी आली. वर दोन बोटे टिंबे तशीच होती.

साळू आखडली नव्हती. ती वाढलीच नव्हती.

पायरी सपाट. वर्गात तो प्रश्न मला विचारावा लागला नाही. बाबू म्हणाला, "मला ताप आलेला तवा माझी अशीच झालेली."

बुदवंताने त्याच्याकडे पाहिले. "तुझी किती दीस?"

"पंचमीपासनं दिवाळीपत्तोर."

"आन् हिची?"

देवकीने भिंतीवर बोट ठेवले. एका शिमग्यापासून ते सरकवत आणले आणि थांबली. "दुसरा शिमगा आला की, आज्जा."

तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने वाडीतली दोन-तीन माणसे जमली, कारण तो घाट उतरणार हे न बोलताच पसरले होते. शिमगा तोंडावर होता. शिमग्यात बुदवंताने मांडावर, म्हणजे देवाच्या नाचाच्या जागेवर, नारळ ठेवल्याशिवाय ढोलाला हात लागत नसे.

"मांड कोण उघडणार?" एकाने विचारले.

"धाकला भाऊ हाय माझा."

"बुदवंत असताना दुसऱ्यानं उघडला असं कधी झालं न्हाई."

"आता व्हईल."

"देव इचारील."

"इचारू दे. मी सांगंन त्याला कुठं गेलतो ते."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो काठी आणि भाकरीची गठडी घेऊन गेला.

त्या शिमग्याला ढोल वाजले, पण माप झाले नाही. मी बांबू तोडून आणायला सांगितले तर मुले जागची हलली नाहीत. "साळू आल्यावर," देवकी म्हणाली. तिच्याकडून आजवर मी नियम पाळून घेतले होते. या वेळी तिने आपला नियम सांगितला आणि मी मान्य केला.

बुदवंत परतला तेव्हा रानात उन्हाळ्याची पानगळ चालू होती. साळू चालत आली होती, अधूनमधून त्याच्या पाठीवर. हातपाय काड्यांसारखे, पोट पुढे आलेले, डोळे पिवळट. मुले तिच्याभोवती जमली पण कोणी तिला हात लावेना. काय झाले, असे मी बुदवंताला विचारले. "तिकडलं पाणी मानवलं न्हाई," एवढेच तो म्हणाला. आपल्या मुलाबद्दल वाईट शब्द त्याने काढला नाही.

माप घेतले. हिरव्या बांबूवरची खूण शेवटच्या पांढऱ्या रेघेला अचूक मिळाली. पांडू खोटे बोलला नव्हता आणि आमचा हिशेबही चुकला नव्हता. बरोबर आलेला हिशेब इतका नकोसा मला पुन्हा कधी वाटला नाही. बाबूने ओले फडके घेतले आणि टिंबे पुसायला गेला.

"ऱ्हाऊ दे," बुदवंत म्हणाला. "तिथवर जायाचं हाय."

त्यानंतर वाडीने ती पोर वाटून घेतली म्हणायला हरकत नाही. बाबूच्या घरची रेडी आता म्हैस झाली होती. तिथून रोज तांब्याभर दूध येई. कोणी नाचणीची आंबील आणी, कोणी अंडे. नंदिगड्ड्याहून मी हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या आणल्या. ती कडू म्हणून तोंड फिरवी, तेव्हा आज्जा आधी एक पुडी स्वतः खाई.

पावसाच्या तोंडावर माझ्या बदलीचा हुकूम आला. हल्याळच्या बाजूची मोठी शाळा, पगारात थोडी वाढ. नवा शिक्षक पाऊस संपल्याशिवाय येणार नव्हता, म्हणजे पंचमीचे माप होणार की नाही ते कोणी सांगू शकत नव्हते.

तिकडे माझे पुन्हा जाणे झाले नाही. सुरुवातीला रजा नव्हती, मग नोकरीच बदलली. या टेबलावर कितीतरी वर्षांचे पाऊस आणि भाव माझ्या हाताखालून गेले. पुष्कळदा एखाद्या तक्त्याच्या कोपऱ्यात रिकामी जागा दिसते, आणि मला वाटते की कोणीतरी येऊन तिच्यासमोर उभे राहील आणि विचारील. कोणी येत नाही. ती तांबडी भिंत पहिल्या एक-दोन पावसांतच पुन्हा सारवली गेली असेल. तरीही पंचमी आली की मी मनातल्या मनात त्या रेघा एकेक बोट वाढवतो. बाबू, देवकी, साळू. आता ती सगळी माझ्याएवढी असतील. मोजलेली नाहीत.

निघण्याच्या सकाळी माझी ट्रंक बैलगाडीत चढली होती. शाळेत पाहतो तर बुदवंत हातात ओला बांबू घेऊन उभा, शेजारी साळू, मागे सगळी मुले.

"पंचमीला अजून अवकाश आहे," मी म्हणालो. "एवढ्यात फरक दिसत नसतो."

"न दिसला तर न दिसू दे. तुमी हाय तवर एकदा बघू."

साळू भिंतीला टेकली. देवकीने टाचा पाहिल्या, बाबूने बांबू सरळ धरला, मी खूण केली. बांबू भिंतीला लावला. बुदवंत भिंतीकडे पाहत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

मी वाकून पाहिले. बांबू काढून पुन्हा लावला. साळूचे केस दाबून दुसऱ्यांदा खूण केली आणि तिसऱ्यांदा पाहिले.

"वाढली," मी म्हणालो.

"किती?"

"तांदळाच्या दाण्याएवढी."

त्याने आपला अंगठा आणि बोट जवळ आणले, त्यांत दाण्याएवढी फट ठेवली आणि मला दाखवली. "एवढी?"

"एवढी."

तो वळला आणि हात तसाच पुढे धरून पायवाट उतरू लागला. गाडी हलली तेव्हा तो पहिल्या घराच्या अंगणात पोहोचला होता. बाबूची आई धारेचे भांडे खाली ठेवून त्याच्या चिमटीकडे पाहत होती. तिला दाखवून झाल्यावर तो पुढच्या घराकडे निघाला, चिमटी न मिटता.